काटा मधोमध होता

दुपारी ३ वाजून ४ मिनिटांनी, बेल्याहून आदिलाबादला जाणाऱ्या रस्त्यावर जैनथच्या अलीकडे, एका मोरीच्या कामापाशी माझ्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, गाडीचं इंजिन बंद पडलं. पुन्हा चावी फिरवली तेव्हा ते चालू झालं नाही. गाडीत चौघं होती. त्यांतली एक ऐंशीच्या घरातली, उन्हाने आजारी पडलेली आजी. मी त्या गाडीत नव्हतो, मागे लग्नघरी होतो. संध्याकाळी गाडी ओढून आणली तेव्हापासून मिस्त्रींच्या शेजारी उभा राहिलो. दादाला, वहिनीला, पुढच्या सीटवर बसलेल्या नवरीच्या मामांना विचारत गेलो आणि दिवस एकेक तासाने लावत नेला. इंजिन तीन वाजता गेलं, पण त्याचा पंखा बराच आधी गेला होता. मधल्या सगळ्या वेळात गाडी सांगत होती आणि प्रत्येकाने तिचं बोलणं वेगळंच काहीतरी समजून ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाची गाडी अशा रस्त्यात राहू नये, म्हणून हे सगळं वेळेनिशी मांडतो आहे.

तीन आठवडे आधी

एप्रिलच्या शेवटी दादाची गाडी बाजाराच्या गर्दीत एकदा गरम झाली होती. त्याने ती लगेच बाजूला घेतली. जवळच्या एका गॅरेजातल्या पोराने बोनेट उघडून फ्यूजबॉक्स पाहिला, तर रेडिएटरच्या पंख्याचा ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज उडालेला. ३० चा हाताशी नव्हता, म्हणून त्याने ४० चा नारिंगी बसवला. पंखा भर्रकन फिरला, दादाने पैसे दिले आणि तो निघाला.

फ्यूज का उडाला, हे विचारायचं राहिलं. पंख्याच्या मोटारीत कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, मिस्त्री त्यांना नुसतं ‘कार्बन’ म्हणतात. मोटार फिरते तसे ते झिजतात. त्यांची भुकटी आत साचते, बेअरिंग कोरडं पडतं, मोटार जड फिरू लागते आणि जड फिरणारी मोटार जास्त करंट ओढते. छोट्या गाडीचा पंखा चालताना साधारण दहा-पंधरा अँपिअर घेतो, सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, आणि वायरची जाडी त्या फ्यूजच्या हिशेबानेच ठरवलेली असते. फ्यूज मोठा घातला की पुढच्या वेळी फ्यूज टिकतो आणि त्याच्यापुढचं जे सगळ्यात कमजोर असेल ते जळायला लागतं. दादाच्या गाडीत ते पंख्याजवळचं प्लॅस्टिकचं कपलर होतं. पुढचे तीन आठवडे पंखा जेव्हा जेव्हा फिरला, तेव्हा तेव्हा ते आतून थोडं थोडं भाजत गेलं.

आदल्या रात्री, ९:३०

सकाळी लग्नाला निघायचं म्हणून दादाने हवा बघितली, काच पुसली, बोनेट उघडलं. कूलंटच्या बाटलीत पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. घरात कूलंट नव्हतं. बोअरचं पाणी ओतून त्याने बाटली वरच्या खुणेपर्यंत भरली. अडचणीत कुणीही हेच करतो, आणि एखाद्या वेळी करायला हरकतही नाही. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. शिवाय बंद पद्धतीत फिरणारं कूलंट कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलं आहे. पंखा नीट फिरत नसल्याने गाडी अधूनमधून जास्त तापत होती आणि वाढलेल्या दाबाने थोडं थोडं कूलंट बाहेर पडत होतं, हे नंतर कळलं.

सकाळी ७:००, गडचांदूर

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. हवा गार होती. थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. पंख्याची पाळी त्याच्याही नंतर, ९५ ते १०० अंशांच्या आसपास येते. त्यामुळे सकाळी घरासमोर पाच मिनिटं गाडी चालू ठेवून पाहिली तर पंखा फिरत नाही, आणि त्यात काही वावगंही नसतं. बिघडलेला पंखा आणि काम नसलेला पंखा अशा वेळी सारखेच दिसतात.

७:०० ते ८:१०, कोरपनामार्गे बेला

रस्ता मोकळा होता. दादाने साठच्या आसपास वेग ठेवला आणि काटा मधोमध होता. या तासाभरात पंख्याची गरजच पडली नाही, कारण चाळीस-पन्नासच्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटरमधून आरपार जातो आणि पंख्याचं काम करून टाकतो. पंखा असतो तो उभ्या गाडीसाठी आणि रांगणाऱ्या गाडीसाठी. म्हणून पंखा गेलेली गाडी हायवेवर शंभर किलोमीटर काही न बोलता जाते आणि गावात शिरली की तापते. ‘लांबच्या रस्त्याला काही नाही, फक्त गर्दीत गरम होते’ असं कुणी सांगितलं, तर अनुभवी मिस्त्री आधी पंख्याकडे हात नेतो. ‘रस्त्यालाच गरम होते’ म्हटलं, तर तो रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट इकडे वळतो.

जुन्या लोकांना या पंख्याचं कधी ध्यान ठेवावं लागलं नाही. अँबेसेडर आणि जीप यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू, मग गरज असो वा नसो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं आणि पंखा विजेवर. इंजिन आडवं असलं की पट्ट्याचं तोंड रेडिएटरकडे राहत नाही, म्हणून पंख्याला स्वतःची मोटार द्यावी लागते. मग ती मोटार कधी चालू करायची हे ठरवायला सेन्सर आला, करंट सोडायला रिले आला, वायरिंग आलं, कपलर आलं. पेट्रोल वाचलं, आवाज कमी झाला, आणि जिथे एक पट्टा होता तिथे पाच-सहा ठिकाणं बिघडण्याजोगी झाली.

हा रस्ता मला फार जवळचा आहे. १९५६ पर्यंत राजुरा तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता, म्हणजे तेव्हा त्या तालुक्यातलं गडचांदूर आणि बेला एकाच जिल्ह्यात. आता मधे राज्याची सीमा आहे, पाट्या तेलुगूत होतात, पण बेल्यात उतरलं की लग्नघरातलं बोलणं तेच, पंगतीतलं आग्रहाचं ओरडणं तेच. सोयरिकी अजूनही या सीमेच्या अल्याडपल्याड होतात. आमचं त्या दिवशीचं लग्न तसंच होतं.

१०:४०, वरात

नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आणायला दादाची गाडी ठरली होती. फुलांच्या माळा पुढच्या जाळीवरून बांधल्या होत्या आणि मधोमध मोठा हार लावला होता. हौशीने केलेलं काम, पण रेडिएटरला जी काही हवा मिळायची तीही त्याने अडवली. पुढे डीजे, त्याच्यामागे नाचणारी पोरं, मागे गाडी. पाच मिनिटांत दहा पावलं.

नवरदेवाला घाम येऊ नये म्हणून एसी पूर्ण सोडलेला होता. सुरुवातीला गार हवा आली. थोड्या वेळाने साधी आली, मग कोमट. वरात चौकात पांगली, गाडी मोकळ्या गल्लीत शंभर पावलं झपकन पुढे गेली आणि हवा पुन्हा गार झाली. मांडवापाशी थांबली, पुन्हा कोमट.

मागे बसलेला कुणीतरी म्हणाला, “एसीचा गॅस कमी झाला असन.”

दादाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं, आणि मला या घटनाक्रमातली ही जागा सगळ्यात जास्त लागते, कारण इथे गाडीने अगदी स्पष्ट सांगितलं होतं. एसी चालू केला की बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन तापायची वाट पाहत नाही. काही सेकंदांत फिरायला लागतो, कारण रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर असतो आणि त्यालाही हवा लागते. पंखा फिरला नाही तर कंडेन्सरमधला दाब चढतो, दाबाचा स्विच कंप्रेसर बंद करतो आणि आतली हवा गरम होते. गाडी चालू लागली की वारा लागतो, दाब उतरतो, हवा परत गार होते. गॅस कमी असता तर उभं असताना आणि चालताना एवढा स्वच्छ फरक पडला नसता. बोनेट उघडून पंखा फिरतोय का एवढं त्या क्षणी कुणी बघितलं असतं, तर दिवस तिथेच वळला असता. पण समोर डीजे होता आणि मुहूर्त गाठायचा होता.

काट्याचं काय? काटा मधल्या खुणेपासून थोडा वर गेला होता, हे दादाला नंतर आठवलं. इथे एक गोष्ट माहीत हवी. पुष्कळ गाड्यांत हा काटा जाणूनबुजून मधोमध धरून ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० च्या जवळ, काटा हलत नाही, म्हणजे चालवणारा उगाच घाबरत नाही. त्यामुळे मधोमध असलेल्या काट्याने निश्चिंत होता येत नाही, आणि तो मधली जागा सोडून जरासा वर आला तरी ती लहान गोष्ट नसते.

१२:१५

लग्न लागलं. गाडी कडुनिंबाखाली उभी. इंजिन निवलं.

१:५०

मांडवात पंखे होते, पण हवाच भाजलेली. या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि दुपारी पत्र्याखाली बसणं म्हणजे भट्टीजवळ बसणं. नवरीची आजी सकाळपासून नीट पाणी प्याली नव्हती. जेवणाच्या पंगतीत तिला भोवळ आली, उलटी झाली, अंग तापलं आणि ती असंबद्ध बोलायला लागली. बेल्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे अंग ओलं करून गार केलं, सलाईन लावलं आणि वय पाहता आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला. १०८ ला फोन लागला होता, पण गाडी दुसऱ्या रुग्णाकडे होती. थांबण्यापेक्षा आपली गाडी दारात आहे, एसी आहे, म्हणून दादा पुढे झाला. आजही विचार केला तरी त्याने दुसरं काय करायला हवं होतं हे मला सांगता येत नाही.

२:२०

मागे आजी आणि वहिनी, पुढे नवरीचे मामा. एसी पूर्ण. जाळीवरचा हार मामांनी तोडून टाकला, पण त्यांच्या डोक्यात रेडिएटर नव्हता, घाईच्या वेळी फुलं नको एवढंच होतं.

गावातून बाहेर पडायलाच दहा मिनिटं गेली. लग्नाच्या गाड्या, पाण्याचा टँकर, दोन्हीकडून कुणी मागे घेईना. काटा अर्ध्याच्या वर सरकला. एसी कोमट झाला तेव्हा वहिनीने काच खाली केली आणि ओल्या टॉवेलने आजीला वारा घालायला लागली.

२:३० ते २:४८

रस्ता मोकळा मिळाला. वारा लागला, एसी गार झाला आणि काटा खाली आला, पण पूर्ण मधोमध आला नाही. सकाळी बाहेर २८ अंश असताना ९५ अंशांचं पाणी सहज निवतं. दुपारी समोरून येणारा वाराच ४४ चा असतो, त्यात एसीच्या कंडेन्सरमधून तापून आलेली हवा रेडिएटरवर पडते. तेवढाच वेग, तेवढंच इंजिन, पण निववायची ताकद कितीतरी कमी. दादाला हायसं वाटलं. मामा म्हणाले, “उतरला बघ काटा. चालू दे.”

२:४८, मोरीचं काम

रस्ता खणलेला. बाजूने मातीचा वळणरस्ता, एका वेळी एकच गाडी जाईल असा. समोर कडब्याने भरलेला ट्रॅक्टर, पहिल्या गिअरमध्ये. मागे येऊन दोन ट्रक थांबलेले. पुढे जाता येईना, मागे घेता येईना.

२:५५

काट्याने वरची लाल रेघ गाठली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. थर्मामीटर पाण्याच्या लाटांत बुडवल्यासारखं चित्र असतं तो. याचा अर्थ एकच, इंजिन बंद करा. नंतर नव्हे, पुढच्या गावात नव्हे.

अशा वेळी गाडी बाजूला घेईपर्यंतची दोन-तीन मिनिटं निभवायला एक जुनी युक्ती आहे. एसी बंद करायचा, हीटर पूर्ण गरमवर लावून ब्लोअर जोरात सोडायचा. हीटरची छोटी जाळी रेडिएटरसारखीच इंजिनातली उष्णता बाहेर काढते, फक्त ती माणसांच्या अंगावर काढते. दादाला ही युक्ती माहीत होती. त्याचा हात बटणापर्यंत गेलाही. मागे आजी डोळे मिटून पडलेली, अंग तापलेलं. त्याने हीटर लावला नाही. एसी बंदही केला नाही.

इंजिन बंद केलं असतं तर त्या उन्हात बंद गाडीत आजीला ठेवायचं कसं, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. ट्रॅक्टर सरकत होता, वळणरस्ता संपायला शंभर-दीडशे पावलं उरली होती. मामा म्हणाले, “आता रस्ता लागते ना. वारा लागला की उतरन.” तो एकदा उतरला होता, म्हणून परत उतरेल असं दोघांनाही वाटलं.

२:५९

बोनेटच्या फटीतून वाफ आली. गोडसर वास आत शिरला, तो कूलंटचा. रेडिएटरचं झाकण पाणी दाबाखाली धरतं, साधारण ०.९ ते १.१ बार. त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा शंभरावर न उकळता १२० च्या जवळ जाऊन उकळतं. त्यापलीकडे झाकणाची स्प्रिंग हार मानते, पाणी बाटलीत जातं, बाटली भरून वाहते. दाब उतरला की आतलं उरलेलं एकदम उकळतं.

३:०१

काटा खाली आला. झपकन, मधल्या खुणेच्याही खाली. “निवली,” मामा म्हणाले.

या क्षणी इंजिनात सेन्सरपर्यंत पोचेल एवढं पाणी उरलं नव्हतं. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. पाणी गेलं की तो वाफेत, रिकाम्या जागेत लटकतो आणि चुकीचं, कमी तापमान दाखवतो. धातू त्या वेळी सगळ्यात जास्त तापलेला असतो. चढलेला काटा गाडी न थांबवता अचानक पडला तर धोका वाढलेला असतो, हे प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलने शिकवायला हवं. मी पाहिलेल्या कुणीही ते शिकवलेलं नाही.

पेट्रोल जळताना आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जातं आणि पेट्रोलातल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्याने वाहून न्यायचा असतो. पाणी नसलं की तो हिस्सा ॲल्युमिनियमच्या हेडमध्येच राहतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेडला बोल्टांनी आवळलेलं असतं, म्हणून ते फुगायला जागा नसलेल्या दिशेने वाकतं आणि हेड-ब्लॉकमधलं गॅस्केट सुटतं.

३:०४

वळणरस्ता संपला. दादाने दुसरा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, गाडीने जोर घेतला नाही. टक टक असा कोरडा आवाज आला, एक हिसका बसला, इंजिन बंद.

३:०५ ते ३:२५

मागच्या ट्रकच्या चालकाने उतरून आधी आजीला पाहिलं. शेजारच्या शेतातल्या गोठ्याची सावली होती, तिथे तिला उचलून नेलं. पाच-सहा मिनिटांत आदिलाबादकडे जाणारी एक जीप थांबली. वहिनी आणि आजी तिच्यात गेल्या. आजीला चारच्या सुमारास रिम्समध्ये दाखल केलं, दोन रात्री ठेवलं आणि ती बरी होऊन घरी आली.

दादा बोनेट उघडून दुपट्टा हाताला गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे वाकला. गोठ्यातले काका धावत आले.

“थांब ना बाप्पा! झाकण नको खोलू. तोंडावर येते ते सारं.”

त्या काकांचे हात जोडून आभार मानावे तेवढे थोडे. दाबाखालचं उकळतं पाणी झाकण सुटताच चेहऱ्यावर उडतं, दुपट्ट्याने ते थांबत नाही. त्यांनी दादाला बोअरचं गार पाणी इंजिनावर ओतूही दिलं नाही. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर उरलासुरला ब्लॉकही तडकू शकतो.

५:३०

ट्रॅक्टरने टोचन करून गाडी बेल्याला आणली.

६:१५, गॅरेज

मिस्त्री पन्नाशीचे, बोलायला कमी. समोरचा माणूस तेलुगू बोलला की तेलुगूत, मराठी बोलला की मराठीत उत्तर. त्यांनी आधी विचारलं, “उभी राहिली की गरम व्हायची, का चालताना?” दादाने वरातीचं सांगितलं. एसीचं सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं. नारिंगी फ्यूज बघितला, बोटांत धरून उजेडात फिरवला. शाबूत होता.

“हा कोणं टाकला?”

दादा काही बोलला नाही.

रिले बघायला त्यांनी हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावला. त्या गाडीत दोन्ही एकसारखे होते. मग चावी ऑन केली, इंजिन न फिरवता, आणि पाण्याच्या सेन्सरचं कपलर उपसलं. पुष्कळ गाड्यांत सेन्सर तुटला असं दिसलं की कॉम्प्युटर काही धोका पत्करत नाही, सरळ पंखा लावायला सांगतो. टिक. रिलेचा आवाज आला. जुना रिले परत लावला, पुन्हा टिक. म्हणजे कॉम्प्युटर हुकूम देतो आहे, रिले तो ऐकतो आहे, आणि पंखा ढिम्म. वायरिंगचा अर्धा रस्ता एका मिनिटात साफ झाला.

आता पंख्याजवळचं कपलर. टेस्ट लॅम्पची सुई घातली, दिवा लख्ख लागला. शेजारी उभा असलेला एक तरुण म्हणाला, “करंट येऊन राहिला. म्हणजे मोटारच गेली.”

मिस्त्री म्हणाले, “थांब.”

त्यांनी फळीवरून हेडलाइटचा एक जुना बल्ब उतरवला, दोन वायरी डकवलेला. तो त्याच कपलरला लावला. बल्बची तार लालसर, विझू घातलेली दिसली, उजेड नाही. मला हे फार आवडलं, म्हणून नीट सांगतो. टेस्ट लॅम्पला लागतो चिमूटभर करंट. तो जळक्या, काळ्या पडलेल्या जोडातूनही निघून येतो. मीटर लावला तरी बारा व्होल्ट दाखवतो. हेडलाइटचा बल्ब चार-पाच अँपिअर मागतो आणि एवढं मागितलं की जळका जोड उघडा पडतो. पंखा तर त्याच्या दुप्पट-तिप्पट मागणार. निदान करताना वायरवर भार टाकून बघायचं असतं, हे बेल्याच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात मला इतकं स्वच्छ दिसलं.

कपलर उघडलं. एक पिन काळीठिक्कर, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून पिनेवर चढलेलं. दुसऱ्या पिनेची चकाकी शाबूत.

मग पंख्याच्या मोटारीला थेट बॅटरीवरून वायर दिली, मधे ३० चा फ्यूज घालून. पंखा फिरला नाही. पाती हाताने फिरवायच्या आधी त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि आम्हालाही मागे सारलं. विजेचा पंखा चावी बंद असली तरी कधी कधी अचानक फिरतो, आणि बोटं जातात. पाती जड लागली. परत वायर दिली, पान्याच्या दांड्याने मोटारीच्या पाठीवर हलकेच दोन टोले मारले. घर्र करून पंखा तीन-चार वेढे फिरला, आत निळी ठिणगी चमकली आणि थांबला. कार्बन संपलेले.

“मोटार जड झाली, त्यानं कपलर जाळलं. कपलर जळलं, कार्बनही संपले, म्हणून पंखा बंद. आधी फ्यूज उडला होता, तेव्हाच सांगत होता तो.”

सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. साधनं म्हणाल तर टेस्ट लॅम्प, जुना बल्ब, दोन वायरी.

८:४०

ऑइलची पट्टी काढली. तिच्यावर दुधाच्या चहासारखं दाट, फिकट काहीतरी. पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं, म्हणजे गॅस्केट उडालं होतं. मिस्त्रींनी पट्टी पुसून परत लावली आणि दादाला बसायला खुर्ची दिली.

पुढचा आठवडा

हेड उघडून आदिलाबादला पाठवलं. पोलादी पट्टी आडवी ठेवून खाली फिलर गेज सरकवलं की वाक कळतो. छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं, त्यापुढे फेसिंग किंवा नवं हेड. दादाचं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. एका पिस्टनलाही ओरखडे होते. विम्याकडे विचारलं. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक आणि विजेचा बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे सगळा खर्च दादाचा. नवं हेड, गॅस्केट, पिस्टन, रिंगा, मजुरी. पंख्याची मोटार त्या सगळ्यापुढे कितीशी, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडी जोडताना एक वाद झाला. भेटायला आलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच, “थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी कधीच गरम होणार नाही.” आपल्याकडे हा सल्ला जागोजागी मिळतो आणि गॅरेजवाले तो पाळतातही. मिस्त्रींनी ऐकलं नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नेहमी थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल घाण होतं, आणि पंखा मेलेला असेल तर गर्दीत ती गाडी तरीही तापते. त्यांनी नवा थर्मोस्टॅट घातला, रेडिएटर आतून धुऊन घेतला, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरलं, पंखा मोटारीसकट नवा बसवला, जळकं कपलर कापून जाड वायरीचं नवं लावलं. फ्यूजबॉक्समध्ये ३० चा हिरवा फ्यूज घातला आणि तसलेच दोन झाकणाच्या आत चिकटपट्टीने लावून दिले.

शेवटी गाडी गॅरेजसमोर भर उन्हात चालू ठेवली, एसी बंद. सात-आठ मिनिटं कुणी काही बोललं नाही. पंखा लागला, मिनिटभर फिरला, बंद झाला. परत लागला. मग एसी लावला, तर तो लगेच फिरला. मिस्त्रींनी आणखी अर्धा तास गाडी तशीच ठेवली आणि मगच बोनेट लावलं. तोवर रस्त्याने जाणारे दोघं-तिघं आपापल्या गाड्या बाजूला घेऊन, एसी लावून, वाकून आत बघत उभे होते.